तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

आर्लो निस्ट्रमनं बहात्तर वर्षांत कोणाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. अगदी मीठसुद्धा नाही. बटाट्यात मीठ कमी पडलं की तो काटा खाली ठेवायचा आणि खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "अळणी बरं असतं म्हणतात डॉक्टर." मग त्याची बायको ऑड्री मिठाची बाटली त्याच्या ताटाशेजारी आदळायची. "घाल की रे बाबा! घाल एकदाचं!" तरी हा दोनदा "नको नको, चालतंय" म्हणणार आणि तिसऱ्यांदा तिनं डोळे वटारले की चिमूटभर घालणार.

हा दोष काही एकट्या आर्लोचा नव्हे. आल्मलुंड गावात रीतच तशी, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या मिनेसोटात तशीच. कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, एवढं म्हणतोयस तर" म्हणून घ्यायचं. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट. तिसऱ्यांदा न विचारणारा कद्रू. लग्नं, मयतं, कॉफी, उसना नांगर, सगळं ह्याच हिशेबानं चालतं, आणि गंमत म्हणजे चालतंसुद्धा.

आर्लोचं स्वतःचं लग्नसुद्धा ह्याच रीतीत अडकलं होतं. चौऱ्याहत्तर साली ऑड्रीला तिच्या घरच्या ओसरीवर त्यानं विचारलं. ती म्हणाली, "अय्या, छे!" त्यानं परत विचारलं. ती म्हणाली, "नाही बाई." ह्यानंतर आर्लोचा धीर सुटला, तो टोपी उचलून गाडीकडे चालता झाला. तेव्हा ऑड्रीचा थोरला भाऊ लॉवेल एंगस्ट्रम धावत फाटकापाशी गेला आणि गाडीच्या काचेवर टकटक करून म्हणाला, "तू घरात काहीतरी विसरलायस." आर्लोनं खिसे चाचपले. "टोपी आहे, किल्ली आहे." लॉवेल म्हणाला, "अरे गाढवा, तिसरं विसरलायस!" असा हा मेहुणा. पुढे जे झालं ते ह्याच मेहुण्याशी झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तर आर्लो. चौतीस वर्षं तो गावच्या सहकारी डेअरीत लोणी तपासायला होता. लोण्याचा तुकडा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, थुंकायचा आणि प्रत सांगायची. शेतकरी समोर हात चोळत उभा असला तरी आर्लोनं कधी प्रत वर ढकलली नाही. स्वतःसाठी मीठ न मागणारा हा माणूस दुसऱ्याच्या मालाबद्दल बोलायला लागला की जीभ कसायाच्या सुरीसारखी. निवृत्त झाल्यावर लोणी गेलं आणि उरल्या त्या रायफली.

म्हणजे स्वीडनच्या सैन्यानं मोडीत काढलेल्या जुन्या रायफली. आर्लोचा आजा एकोणीसशे तीन साली स्वीडनहून पळून आला तो नेमकी हीच रायफल खांद्यावर घेऊन कवायत करायला लागू नये म्हणून. आणि नातू पाहा! घरात अकरा रायफली, सगळ्या तसल्याच. "आजोबा थडग्यात कूस बदलत असतील," असं ऑड्री म्हणायची. आर्लो म्हणायचा, "बदलू देत. ही रायफल हातात धरली असती तर पळाले नसते."

त्या रायफलीच्या दस्त्यावर पितळेची एक चकती असते. तिकडच्या सैन्यातले कारागीर रायफल तपासली की तिच्यावर खूण ठोकायचे: नळी आतून कशी आहे. एक म्हणजे उत्तम, दोन म्हणजे बरी, तीन म्हणजे चालेल. आर्लोला हे इतकं पटलं की तो सगळ्या जगाला एक-दोन-तीन लावत सुटला. पाद्रीबाबांचं प्रवचन दोन. चर्चच्या तळघरातली अंडं घालून उकळलेली कॉफी एक. थोरल्या जावयाला त्यानं साखरपुड्याच्याच दिवशी तीन दिले होते. "वरून चमकतोय, पण आतून गंज आहे," म्हणाला. जावई ते अजून विसरलेला नाही.

वसंतात जत्रेच्या मैदानावर, ऑगस्टात जिथे गाई बांधतात त्या लांबलचक गोठ्यात, बंदुकांचं प्रदर्शन भरतं. तिथे आर्लोचं एक घडीचं टेबल असायचं, एक भिंग, एक बारका टॉर्च आणि पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं. लोक रायफल घेऊन रांग लावायचे. आर्लो बघायचा, कार्ड लिहायचा, फुकट द्यायचा. त्या कार्डाला तीन राज्यांत मान होता. एकदा एक भलादांडगा ट्रकवाला आजोबांची रायफल घेऊन आला, दस्ता लखलखीत. आर्लोनं नखानं खरवडून पाहिलं.

"हिला पॉलिश कोणी केलं?"

"आजोबांनी. स्वतःच्या हातानं. महिनाभर घासत होते."

"महिनाभर वाट लावत होते, मूळचं सगळं घासून गेलं," आर्लो म्हणाला. "तीन."

ट्रकवाला तिथेच रडला. आर्लोनं त्याला रुमाल देऊ केला. ट्रकवाल्यानं दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला.

आता दुखणं सांगतो. ह्या रायफलींच्या बारीकसारीक तुकड्यांवरसुद्धा, कितीतरी स्क्रूंवरसुद्धा, तिच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे ठोकलेले असतात. सगळे आकडे जुळले तर ती रायफल अस्सल, जशी कारखान्यातून निघाली तशी. एक जरी तुकडा परका असला तरी संपलं. आर्लोच्या अकरा रायफलींत एक होती एकोणीसशे सालची, अक्रोडाच्या दस्त्याची, चकतीवर एक नंबर. तिचा क्रमांक संपायचा ४१७ वर. नळी ४१७, दस्ता ४१७, नळी साफ करायचा गज ४१७. आणि बोल्ट? मागे ओढून गोळी आत सारायचा तो पोलादी दांडा, रायफलीचं काळीजच म्हणा ना, त्यावर ५९२!

हा ५९२ लॉवेलचा. आणि आर्लोचा ४१७ लॉवेलच्या रायफलीत.

झालं होतं असं की सत्त्याण्णव साली दोघा मेहुण्यांनी मिळून दोन रायफली मागवल्या होत्या. लाकडी पेटीतून आल्या, गोठलेल्या ग्रीसमध्ये नखशिखांत बुडालेल्या. लॉवेलच्या गॅरेजमध्ये दोघांनी शनिवारभर त्या सोडवल्या, धुतल्या. दोन्ही बोल्ट रॉकेलच्या एकाच परातीत. ऑड्रीनं हाक मारली, "जेवायला चला, हॉटडिश गार होतंय!" आर्लो हात धुवायला गेला. ग्रीसचे हात, अर्धा तास लागला. तेवढ्यात लॉवेलनं दोन्ही रायफली जोडूनसुद्धा टाकल्या. मेहुण्यानं जोडलेली रायफल तपासायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं, म्हणून साऱ्या दुनियेच्या रायफली उलट्यापालट्या करणाऱ्या ह्या माणसानं स्वतःची चार वर्षं तपासली नाही. दोन हजार एक साली तिचं कार्ड लिहायला बसला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले.

पुढच्या रविवारी चर्चनंतर लॉवेलच्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना आर्लो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गंमतच आहे. माझ्या रायफलीत तुझा बोल्ट दिसतोय."

"अरेच्चा," लॉवेल म्हणाला. "मग बदलून टाकू की."

"छे रे, घाई काय आहे."

कॉफीचा दुसरा कप झाला. लॉवेल म्हणाला, "खरंच, घेऊन जा ना तुझा. गॅरेजमध्येच आहे."

"नको नको, तुला कशाला त्रास."

लॉवेलनं कप खाली ठेवला, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि गावचा भोंगा वाजला. लॉवेल आगीच्या बंबावर स्वयंसेवक होता. कोणाच्या तरी गवताच्या गंजीनं पेट घेतला होता. तो उठला, बूट घातले, गेला.

आणि तिसरं राहिलं.

पुढच्या रविवारी लॉवेल गंजीबद्दल बोलला. त्याच्या पुढच्या रविवारी नांगरणीबद्दल. आर्लो वाट बघत होता. महिना गेला, वर्ष गेलं. आता स्वतःहून विषय काढायचा म्हणजे मागणंच झालं, आणि मागायचं तर नाही! ऑड्री कपाळावर हात मारून घ्यायची. "अरे, माझा सख्खा भाऊ आहे तो. जा आणि म्हण, दे माझा बोल्ट."

"असं कसं म्हणायचं?"

"तोंडानं!"

"त्याला काय वाटेल?"

बावीस वर्षं, अहो, बावीस! ह्या बावीस वर्षांत आर्लोनं त्या रायफलीतून एक गोळी झाडली नाही. आणि लॉवेलला भेटायला जाताना दर वेळी ५९२चा बोल्ट लोकरी मोज्यात गुंडाळून कोटाच्या खिशात घ्यायचा. न जाणो, आज तिसऱ्यांदा विचारलं तर आपली तयारी हवी! तो बोल्ट चर्चला गेला, वाढदिवसांना गेला, गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला गेला. लॉवेलची बायको मार्लिस वारली तेव्हा शवपेटीला खांदा देतानाही तो आर्लोच्या खिशात होता. पेटी हलली की मोज्यातून बारीक ठक्क आवाज यायचा, आणि पाद्रीबाबा दोनदा प्रार्थना थांबवून वर बघू लागले.

मग दोन हजार तेवीसच्या एप्रिलात लॉवेलनं सांगून टाकलं की तो चालला. गुडघे गेलेले, घर मोठं, बर्फ ढकलायला माणूस मिळेना. मुलगी ॲरिझोनात, तिच्याकडे कायमचा. घर विकलं, सामान वाटलं. राहिली ती रायफल. तिला गिऱ्हाईकही मिळालं होतं, मिनिआपोलिसचा एक दातांचा डॉक्टर, हेल्विग नावाचा. शनिवारी अकराला येणार होता. त्याची अट एकच: आर्लो निस्ट्रमचं कार्ड हवं.

"तेवढी बघून देशील का?" लॉवेलनं फोनवर विचारलं.

"बघतो की," आर्लो म्हणाला, आणि फोन ठेवून खुर्चीत बसला तो तासभर उठलाच नाही. डॉक्टर रायफल घेऊन गेला की ४१७ गेला. कायमचा गेला. आणि लॉवेलही गेला. ह्यातलं जास्त वाईट कशाचं वाटतंय हे त्याला नीट कळेना.

शनिवारी सव्वादहाला आर्लो आणि ऑड्री लॉवेलच्या स्वयंपाकघरात होते. सगळीकडे खोकी. ऑड्री ओट्याशी उभी राहून कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. रायफल टेबलावर. आर्लोनं भिंग काढलं, टॉर्च काढला, सुरुवात केली. मेहुण्याची म्हणून सूट नाही.

"नळी, एक," तो लिहीत लिहीत म्हणाला. "दस्ता, एक. आकडे..." तो थांबला.

"आकडे काय?" लॉवेलनं विचारलं.

"सगळे जुळतात. बोल्ट सोडून."

"बोल्ट नाही जुळत?"

"नाही."

"कमाल आहे," लॉवेल म्हणाला. "कोणाचा असेल?"

"असेल कुणा दुसऱ्या रायफलीचा."

"अस्सं."

"हं."

ऑड्रीच्या हातून कप खाली पडून फुटला. पडला की तिनं टाकला हे देव जाणे. "मी गाडीत जाऊन बसते," ती म्हणाली. "इथे राहिले तर तुम्हा दोघांपैकी एकाला ह्या वर्तमानपत्रात गुंडाळीन." आणि दार आपटून गेली.

दहा पंचवीस झाले. आर्लोच्या मानेवरून घामाचा ओघळ चालला होता. कोटाच्या खिशात मोजा. मागायचं नाही, मागायचं नाही, हे डोक्यात घुमत असतानाच एकाएकी त्याला सुचलं, आणि सुचलं तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मागायचं नाही हे खरं. पण द्यायला कोणी मना केलं होतं? लॉवेलचा बोल्टही तर आपल्याकडेच आहे! बावीस वर्षं आपण ह्याच्या तोंडाकडे बघत बसलो, आणि आपण होऊन एकदाही देऊ केलं नाही. कद्रू लॉवेल नव्हता. कद्रू आपण.

त्यानं मोजा काढून टेबलावर ठेवला. "लॉवेल, तुझा बोल्ट माझ्याकडे आहे. घे हा."

लॉवेलनं मोज्याकडे पाहिलं. "नको रे. राहू दे."

आता लगेच पुन्हा विचारता येत नाही. मध्ये एखादा कप कॉफी व्हावी लागते, नाहीतर मागे लागल्यासारखं दिसतं. लॉवेलनं कॉफी ओतली. दोघं प्यायले. लॉवेल म्हणाला, यंदा बर्फ उशिरा वितळला. आर्लो म्हणाला, हो, उशिराच. घड्याळात दहा चाळीस.

"घे की तो बोल्ट," आर्लो म्हणाला. "तुझाच आहे."

"छे छे, तुझी रायफल रिकामी पडेल."

परत कॉफी. आर्लोनं इतकी गरम प्यायली की जीभ पोळली. एवढ्यात बाहेर खडीवर चाकांचा आवाज. दहा बावन्न! अकरा म्हणजे अकरा दहा हे शहरातल्या लोकांना कोण शिकवणार? आर्लो अर्धवट उठला आणि एका दमात ओरडला, "लॉवेल, घे! घे म्हणतो ना!"

"बरं," लॉवेल शांतपणे म्हणाला. "एवढं म्हणतोयस तर."

त्यानं मोज्यातून ५९२ काढला, रायफलीतला ४१७ ओढून बाहेर घेतला, आपला आत सरकवला. खट्‌! काय आवाज होता तो! बावीस वर्षांनी घरचा माणूस घरी आला. आर्लोच्या अंगावर काटा आला. मग लॉवेलनं ४१७ तळहातावर धरला, पुढे केला आणि म्हणाला, "मग हा तुझा तू घे."

आणि आर्लो म्हणाला, "नको नको, असू दे."

शिंक यावी तसं ते तोंडातून आलं. बहात्तर वर्षांची सवय, तिला काय कळतं! शब्द निघाले आणि त्यानं तोंडावर हात ठेवला. लॉवेलचा हात तसाच पुढे.

"आर्लो," तो हळूच म्हणाला, "हे तिसरं होतं."

"पहिलं! हे पहिलं होतं!"

"दोन हजार एकमध्ये दोन झाली. मी मोजतोय."

"ती बुडाली ती! बावीस वर्षं झाली त्याला!"

"असं बुडत नसतं."

"बुडतं!" आर्लोनं टेबलावर मूठ आपटली. ह्या दोघांनी एकमेकांवर आवाज चढवल्याची आल्मलुंडात ही पहिलीच खेप. दोघेही आपापल्या आवाजानं दचकले. दारावर टकटक झाली.

लॉवेल दाराकडे न बघता म्हणाला, "मला तिसऱ्यांदा विचारायची भीतीच वाटायची. दोनवर ठेवलं की काहीतरी बाकी राहतं. तिसऱ्याला तू नको म्हणालास तर पुढे काय, असं व्हायचं." मग त्यानं ४१७ आपल्या कोटाच्या खिशात टाकला. रीत म्हणजे रीत. तिसऱ्यांदा नको म्हटलं की ते खरंच नको.

डॉक्टर हेल्विग आत आला. पांढरे हातमोजे घातले, खिशातून दात तपासायचा आरसा काढला आणि रायफलीच्या तोंडात घातला. "आ कर" एवढंच म्हणायचं राहिलं होतं. मग म्हणाला, "कार्ड?"

आर्लोनं कार्डावरचं "बोल्ट सोडून" खोडलं.  "सगळे आकडे जुळतात," त्यानं लिहिलं, खाली सही केली आणि दिलं. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात खरं कार्ड, आणि लिहिताना त्याला रडू येत होतं. डॉक्टर खुशीत रायफल घेऊन गेला. जाताना लॉवेलनं त्याला कॉफी विचारली, तर मेला पहिल्याच वेळी हो म्हणाला आणि दोन कप प्यायला.

रविवारी सकाळी लॉवेल निघाला. आमच्याकडे निघणं म्हणजे निघणं नसतं. आधी स्वयंपाकघरात निरोप, मग दारात, मग ओसरीवर, मग गाडीशी, मग गाडीच्या काचेतून. पन्नास मिनिटं चाललं. पन्नास मिनिटं आर्लोची नजर त्या कोटाच्या खिशावर. लॉवेल हवेबद्दल बोलला, रस्त्याबद्दल बोलला. शेवटी ऑड्रीनं भावाच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. आर्लोनं गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली. गाडी गेली.

घरी येऊन आर्लोनं रायफल टेबलावर ठेवली आणि तिचं कार्ड लिहायला घेतलं. नळी एक. दस्ता एक. बोल्ट, आणि इथे त्यानं भिंग खाली ठेवलं, मग लिहिलं: "नाही." परका का होईना, काल सकाळपर्यंत होता. आता तेही नाही. रायफलीच्या मधोमध एक भोक, त्यातून पलीकडची मिठाची बाटली दिसत होती.

"फोन कर," ऑड्री म्हणाली. "कर आणि सांग, चुकून बोललो."

"तिसऱ्यांदा नको म्हटलंय मी."

"तुला बोल्ट हवाय की नाही?"

"हवाय. पण ते राहू दे," आर्लो म्हणाला. "मला त्याच्याशिवाय करमत नाही गं." आणि तो बोल्टबद्दल बोलत नव्हता हे ऑड्रीला लगेच कळलं.

चर्चमध्ये लॉवेलची जागा रिकामी. कॉफीच्या टेबलावर आर्लो एकटा. कॉफीला त्यानं दोन दिले. तळघरातल्या बायका हादरल्या.

पुढच्या रविवारी दुपारी दोनला फोन वाजला. लॉवेल. उभ्या जन्मात ह्या माणसानं कामाशिवाय फोन केला नव्हता.

"इथे बर्फच नाही," लॉवेल म्हणाला. "उन्हात उभं राहिलं की बुटाचे तळवे चिकटतात."

"असं?"

"शेजारी कॅलिफोर्नियाचा आहे. काल त्याला पाव देऊ केला, तर पहिल्यांदाच घेतला."

"काय सांगतोस!"

"पाव अख्खा घेतला. ताटलीसुद्धा."

अशा गप्पा पाऊण तास. शेवटी लॉवेल खाकरला. "आर्लो, तो बोल्ट. पोस्टानं पाठवून देऊ का?"

ऑड्री समोर उभी राहून हो हो करत मान इतकी जोरजोरात हलवत होती की चष्मा खाली आला.

"नको रे," आर्लो म्हणाला. "पोस्टात गहाळ व्हायचा."

फोन ठेवल्यावर ऑड्रीनं ओला फडका फेकून मारला. आर्लोनं तो हवेतच झेलला. त्याचा चेहरा खुलला होता. "अगं, त्यानं नव्यानं सुरू केलंय! हे एक झालं. अजून दोन."

दुसऱ्या रविवारी पुन्हा दोनला. ह्या खेपेला सव्वा तास. लॉवेलनं निवडुंगाचं वर्णन केलं, आर्लोनं नव्या पाद्रीबाबांना तीन का दिले ते सांगितलं. दोघं इतके हसले की आर्लोला ठसका लागला. शेवटी लॉवेल म्हणाला, "मुलगी जूनमध्ये तिकडे येतेय. तिच्या हाती देऊ तो बोल्ट?"

"नको, तिला कशाला ओझं."

दोन झाले. आता ऑड्रीलाही चेव चढला. तिसऱ्या रविवारी तिनं सकाळीच रुबार्बच्या आंबट देठांचा केक भाजला. आर्लोनं रायफल पुसली, तेल लावलं, टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर ठेवली. पावणेदोनपासून दोघं फोनसमोर बसून होते. दोनला वाजला. आर्लोनं शोभेसाठी तीन घंट्या होऊ दिल्या.

लॉवेलचे गुडघे बरे होते. ऊन फार होतं. त्याला तिथल्या आगीच्या बंबवाल्यांनी जुने किस्से सांगायला बोलावलं होतं, तर त्यानं दोनदा नको म्हटलं आणि त्यांनी परत विचारलंच नाही. "इथे कोणी तिसऱ्यांदा विचारत नाही रे," लॉवेल म्हणाला. "मी सारखा वाट बघत बसतो, आणि लोक निघून जातात."

मग तो नेहमीसारखा खाकरला.  ऑड्रीनं दोन्ही हात छातीशी धरले होते.

"आर्लो," लॉवेल म्हणाला. "तो बोल्ट... देऊ का पाठवून?"

आर्लोनं रायफलीकडे पाहिलं. मधलं ते भोक. हो म्हटलं की चार दिवसांत बोल्ट दारात. मग तो पांढऱ्या कापडावर बसवायचा, खट्‌ आवाज ऐकायचा, कार्डावर "सगळे आकडे जुळतात" लिहायचं. बावीस वर्षं ह्यासाठी काढली होती. आणि मग? मग पुढच्या रविवारी दोनला लॉवेल फोन करून काय विचारणार?

"नको," आर्लो म्हणाला. ह्या वेळी मात्र नीट विचार करून म्हणाला. "राहू दे तुझ्याकडेच."

ऑड्री खुर्चीत बसली.  पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता, ॲरिझोनातला.

"बरं," शेवटी लॉवेल म्हणाला. "मग पुढच्या रविवारी विचारतो."

"विचार," आर्लो म्हणाला. "नक्की विचार हं. दोनला मी घरीच असतो."